मक्त्याची गाडी

६ जानेवारी, मालेगाव (जि. वाशिम)

ठरले. नानाजींना पुन्हा स्टिअरिंगवर बसवायचे.

लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच माघार घेता येणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत अख्खी नोकरी पोरांना हेच सांगण्यात गेली, की आधी लिहा, मग बोला.

नानाजी म्हणजे आमचे हे. सारे गाव नानाजी म्हणते, म्हणून इथे मीही म्हणते. एस.टी.चे ड्रायव्हर. रिटायर झाले आणि वर्षभरातच लकवा मारून गेला. बोलणे परत आले, हात परत आला, डावा पाय मात्र लाकडासारखा राहिला. क्लच दाबता येईना, गिअर टाकता येईना. मोटरसायकल ताडपत्रीखाली गेली. तेव्हापासून हा माणूस पडवीत खुर्ची टाकून बसतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ‘याचं बेरिंग गेलं’ एवढेच बोलतो. मला ते बघवत नाही.

त्या मोटरसायकलवर मागे बसले की मी त्यांच्या खांद्यावर दोनदा थाप मारायची. डबल बेल. ती मिळाल्याशिवाय हे गाडी हलवायचे नाहीत, एस.टी.चा नियम घरच्या गाडीलाही. एकदा मी रागात थाप दिलीच नाही, तर दोघे भर उन्हात दारासमोर गाडीवर तसेच बसून राहिलो. शेजारची चंदाबाई अजून ते सांगून हसते.

परवा वाशिमला लग्नात कुणाची तरी बॅटरीवरची जर्मन गाडी आली होती. दार उघडले की खुर्ची आपोआप मागे सरकते. नानाजी कुणाचाही हात न धरता आत बसले. मालकाने एक चक्कर मारून आणली. उतरले ते म्हणाले, “आवाजच नाई व. अन् क्लचच नाई तिले. डाव्या पायाले कामच नाई.”

दोन वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. घेईन तर हीच गाडी.

९ जानेवारी

हरीओमला पुण्याला फोन केला. आधी हसला, मग रडकुंडीला आला. “आई, एवढ्या पैशात तीन फ्लॅटचं बुकिंग होते!” मग म्हणाला, विकत घेऊच नको, या गाड्यांची किंमत भराभर उतरते. लीजवर घे. तीन वर्षे महिन्याचे भाडे भरायचे, मुदत संपली की गाडी परत.

मी नानाजींना समजावून सांगू लागले, तर हे मध्येच म्हणतात, “म्हंजे मक्ता.”

अगदी बरोबर. मक्ताच तो! माझ्या वाट्याची शेती मी वर्षानुवर्षे फुलचंदला मक्त्याने देते, आणि अजून तरी मला कुणी फसवलेले नाही. समृद्धी महामार्गात माझी तीन एकर गेली, त्याचा मोबदला बँकेत पडून आहे. त्याच्या व्याजात भाडे बसेल असे दिसते. रस्त्याने नेलेले रस्त्यावरच खर्च झाले तर माझे वडील वरून रागावणार नाहीत.

राखी, म्हणजे आमची सून, मागून ओरडली, “आई, घ्याच!” ती मला आवडते ती उगीच नाही.

१७ जानेवारी

कंपनीची माणसे येणार म्हणून मी इस्त्रीची साडी नेसून बसले, तर आली एकच मुलगी. योगिनी नाव. नागपूरहून एकटीने गाडी चालवत आली. नानाजींनी तिला गाडीबद्दल काहीच विचारले नाही. विचारले काय, तर “किती दिवसात शिकली व तू?”

मी गाडीभोवती फिरले. शेत देताना चारही बांध फिरून दाखवायचे आणि घेणाऱ्याने चारही बांध फिरून पाहायचे, ही आमच्याकडची रीत. मी वाकून चाके पाहिली, काचा पाहिल्या, डिकीत डोके घातले. योगिनी म्हणाली, “काकू, ही फक्त दाखवायची गाडी आहे.” म्हटले, असू दे. तुमचे शेत कसे असते ते तर कळेल.

मग चालवायची वेळ आली तेव्हा नानाजी म्हणाले, “चष्मा घरीच राह्यला माहा.” घरातच तर होतो! मी आत शोधून दमले. शेवटी योगिनीनेच आम्हाला जऊळक्यापर्यंत फिरवून आणले. जेवताना पाहते तर चष्मा यांच्या खिशात. मी खूप हसले. हे हसले नाहीत.

योगिनीला पाणीच दिले. व्यवहार ठरेपर्यंत पाणी, ठरला की चहा, हे आमच्या घरचे जुने आहे. चहा पाजला की समोरचा समजतो, बाई मऊ पडली. नानाजी हळूच म्हणत होते, “पोरीले चहा तं दे.” या माणसाला सौदा करता येत नाही.

हल्ली ताटातली डावीकडची चटणी तशीच राहते. जवसाची, त्यांच्या आवडीची. तिखट सोसत नसेल आता.

२२ जानेवारी

वाशिमला जाऊन आलो. नानाजींच्या लायसनची मुदत संपत आली आहे, त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. दवाखान्यात मी उठले तर म्हणाले, “तू बस, मी काय लहान हाय?” एकटेच आत गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले ते दाराच्या चौकटीला खांदा घासत. मी विचारले काय झाले, तर “झालं काम.” आणि लगेच, “चाल, जिलबी खाऊ.”

जिलबी खाता खाता म्हणाले, “तू बी लायसन काढून टाक. बाजूले बसनाऱ्याजवळ बी पायजे म्हंते इन्शुरन्सवाले.”

मला हा नियम ठाऊक नव्हता. पण एवढी महागडी गाडी, असतीलही नियम. परत आरटीओत जाऊन माझ्या शिकाऊ लायसनची सोय करून टाकली. संगणकावर प्रश्न विचारतात, मला सगळे आले. मास्तरीण आहे शेवटी.

३ फेब्रुवारी

दुसरी बैठक. आज खरी मजा आली.

योगिनीने भाड्याचा आकडा सांगितला. मी तिच्या तोंडाकडे नुसती पाहत राहिले. फुलचंदने कमी आकडा सांगितला की मी हेच करते, बोलायचे नाही. ती बिचारी आपणच बोलत सुटली. मग मी एकेक काढले.

टायर कुणाचे? ती म्हणाली, घेणाऱ्याचे. म्हटले, नाही जमणार. आमच्याकडे विहिरीवरची मोटार जळली तर मालक भरतो, मक्तेदार नाही. टायर म्हणजे विहिरीची मोटार. तिने फोनवर कुणाला तरी विचारले. टायर त्यांचे झाले.

परत देताना ओरखडे कोण मोजणार? म्हणाली, कंपनीचा माणूस. म्हटले, तुमचाच माणूस, तुमचेच मोजमाप? पिकाची आणेवारी करायला सरकारसुद्धा गावातले लोक सोबत घेते. आमचा एक, तुमचा एक, दोघांनी मिळून पाहायचे. आणि देतानाच सगळ्या बाजूंचे फोटो, दोघांच्या सह्या. तेही झाले.

किलोमीटरवर मात्र मी चुकणार होते. वर्षाला ठरावीकच चालवायची, वर गेले की जादा पैसे. मी आणखी वाढवून मागत होते, जास्त तेवढे चांगले म्हणून. नानाजी कानाशी म्हणाले, “चतुरे, कमी माग. कमी चालवली तं भाडं उतरते. आपल्याले कोठं मुंबईले भाडं न्याचं हाय?” उतरलेच भाडे! हा माणूस गाडीच्या बाबतीत शहाणाच, मग स्टिअरिंगशी काहून घुटमळतो कोण जाणे.

आज चष्मा होता, म्हणून योगिनीला आणि त्यांना दोघांनाच पाठवले. म्हटले, मी समोर असले की दडपण येत असेल. शेलूबाजारपर्यंत गेले, उशिरा आले. नानाजी डावीकडे बसलेले. म्हणाले, येताना थकलो म्हणून तिला दिली. मी आत डोकावले तर ड्रायव्हरची खुर्ची योगिनीच्या मापाची, अगदी पुढे. वाटेत माणूस बदलला तर खुर्ची लगेच एवढी पुढे आली कशी? आपोआप सरकत असेल, तिची करामत.

योगिनीचे डोळे लाल दिसले. दिवसभर गाडी चालवून दमते पोर. तरी पाणीच दिले.

११ फेब्रुवारी

मी गाडी शिकते आहे. स्वतःच्या हाताने लिहिले तरी खरे वाटत नाही.

नानाजींच्या गाडीवर रामराव नावाचे कंडक्टर होते. रिटायर होऊन त्यांनी इथे ड्रायव्हिंग स्कूल काढले आहे. नानाजींनी त्यांना शिकवायच्या गाडीसकट घरीच बोलावले. म्हणे पायात गोळा आला, कुठे अडलो, तर बाजूच्याला चार हात गाडी बाजूला घेता आली पाहिजे. हे पटले मला.

लग्न झाले तेव्हा मी एकदा म्हटले होते, मला गाडी शिकवा. तेव्हा हसले होते. “मास्तरीण शाळा चालवते तेवढं बस हाय.” मग मी पुन्हा काही म्हटले नाही. यांची बस यायच्या वेळी डबा घेऊन स्टँडवर उभी राहायची, पाच मिनिटे भेट व्हायची, आणि बस निघून जायची. माझे अर्धे आयुष्य गाडीची वाट पाहण्यात गेले असे म्हटले तरी चालेल.

आज मात्र हे मागच्या सीटवर बसून एवढेच म्हणत होते, “दाबू नको. पाय नुसता ठेव. गाडीले कळते.” रामराव घाबरून दाराला धरून होते. हे अजिबात घाबरले नाहीत. गुरांच्या बाजाराच्या मोकळ्या मैदानात मी तीन फेऱ्या मारल्या आणि एका खुंट्याला धडकता धडकता वाचले. घरी येईपर्यंत मला सारखे हसू येत होते.

खरे सांगायचे तर, फार आवडले.

२७ फेब्रुवारी

लायसनची परीक्षा पास झाले! नानाजींनी स्टँडवर ओळखीच्या साऱ्यांना पेढे वाटले. स्वतःच्या लायसनचे काय झाले विचारले, तर म्हणाले, “येईन पोस्टानं.” सरकारी काम, लागणारच वेळ.

५ मार्च

सौदा मोडला.

सगळे जुळत आले होते. मुदत पाडव्यापासून पाडव्यापर्यंत हवी, हेसुद्धा मी गळी उतरवले. आमच्याकडे जमिनीचे साल पाडव्याला बदलते, अधल्यामधल्या तारखेला मी काही घेत नाही आणि देत नाही. योगिनी म्हणाली, “काकू, संगणक पाडवा ओळखत नाही.” म्हटले, तारीख मी सांगते, तू टाक.

मग शेवटचे कलम. मक्तेदार सालात मेला तर आमच्याकडे त्याच्या घरच्यांना दंड लागत नाही, उभे पीक काढून घेतात आणि शेत परत देतात. म्हणून मी म्हटले, कागदावर नाव माझे असले तरी गाडी हे चालवणार. तर यांना काही झाले तर गाडी बिनदंडाने परत घ्यायची. लिहून द्या.

बोलताना माझा आवाज फाटला. पण व्यवहार आहे, बोलायला हवेच.

योगिनीने नानाजींकडे पाहिले. नानाजी म्हणाले, “थे कलम नको.”

“काहून नको?”

“मी गेलो तं गाडी कायले वापस करतं?”

“मंग चालवीन कोन?” मी ओरडलेच.

योगिनी खाली मान घालून म्हणाली, “काकू, हे एक नका मागू ना.” मला वाटले, कंपनी हिच्यामार्फत यांना फोडते आहे. मी उठले आणि म्हटले, या आता तुम्ही. पाण्याचा पेला तसाच राहिला.

८ मार्च

घरात कुणी बोलत नाही. म्हणजे दोघेच आहोत, आणि दोघेही बोलत नाही.

मी हे त्यांच्यासाठी करते आहे की जिंकण्यासाठी? सौद्यात मी त्यांचे मरण एका कलमासारखे मांडले. टायर, ओरखडे, किलोमीटर आणि मग हे. त्यांना लागले असणार. मला लाज वाटते.

दुपारी पडवीत त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसले. डावीकडे बसले तर हल्ली लवकर लक्षच देत नाहीत, रागावलेलेच असतात त्या बाजूला. तेव्हा म्हणाले, “तुनं जिंदगीभर कोनाले एक कलम सोडलं नाई.”

“नाई सोडलं.”

“हे एक सोड. माह्यासाठी.”

मी रडले. त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले माझ्या. सोडले म्हटले.

१२ मार्च

मीच योगिनीला फोन केला. ती आज कागद घेऊन आली. कलम सोडले, त्याच्या बदल्यात घरचा चार्जर त्यांनी फुकट बसवून द्यायचा ठरला. अगदीच काही न घेता सोडणे मला जमण्यासारखे नव्हते.

सही झाली आणि मी चहा ठेवला. आले, वेलची, सायीचे दूध. योगिनी पिताना म्हणाली, “काकू, मला वाटायचं तुमच्याकडे चहा पीतच नाहीत.” मी तिला रीत सांगितली. ती इतकी हसली की ठसका लागला. जाताना तिने मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, “सावकाश चालवा हं.” घाईत तिचे चुकले असावे, नानाजींना म्हणायचे ते मला म्हणाली.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. साखरेची गाठी, कडुलिंब, सगळे झाले. साडेदहाला गाडी दारात. पांढरी. फुलचंद नारळ घेऊन आला, चंदाबाईने तांब्या ओवाळला. मी चारही बाजू फिरले, फोटो काढले, सह्या झाल्या. योगिनी किल्ली नानाजींना देऊ लागली, तर यांनी माझ्याकडे बोट केले. म्हटले, असेल, नाव माझे आहे म्हणून.

मी डाव्या दाराशी गेले. नेहमीची बायकोची जागा. तिथे नानाजी आधीच दार उघडून उभे.

“थे जागा माही हाय,” म्हणाले.

“अहो, ड्रायव्हर तिकडं बसते.”

“ड्रायव्हरच सांगून राह्यला तुले.”

मला कळेना. मग ते हळू आवाजात बोलले, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. “डॉक्टरनं मले जानेवारीतच नाई म्हटलं. पायाचं नाई व, डोयाचं हाय. डाव्या बाजूचं दिसतच नाई मले. लकवा आला तवापासून. बैल आला, मानूस आला, काईच समजत नाई. मी स्टिअरिंग धरलं तं कोनाचं तरी लेकरू मारीन.”

मला एकेक आठवू लागले. चौकटीला घासलेला खांदा. पडवीतली डावी बाजू.

“म्हंजे थे चटणी...”

“कोनती चटणी?”

देवा. इतके दिवस मी वाढत होते आणि ती त्यांना दिसतच नव्हती. जेवायला वाढणारी मीच, आणि मला ते कळू नये.

“मंग मले दोन महिने भांडू काहून देल्लं?” मी विचारले.

“तू भांडून राह्यली होती तं घरात आवाज होता. दोन वर्सानं. मले बरं वाटे. अन् मी नसलो तं तू पुन्हा स्टँडवर उभी राहशीन, याच्या-त्याच्या गाडीची वाट पाहत. लय उभी राह्यली तू. तवा शिकव म्हटलं होतं तुनं मले, मी हासलो. कलम कायले नको म्हनत होतो, समजलं का आता?”

समजले. सगळ्यात शेवटी मलाच समजले. योगिनीला शेलूबाजारच्या रस्त्यावरच समजले होते, ती तिकडे तोंड करून उभी होती.

मला राग आला, खूप आला. आणि त्याहून जास्त या माणसाची माया आली. दोन्ही एकदमच आले, तेव्हा मी गाडीला वळसा घालून उजव्या दाराशी गेले. खुर्ची आपोआप मागे सरकली, मी बसले, ती पुढे आली. नानाजी कुणाचा हात न धरता शेजारी बसले, पट्टा लावला.

कुठे जायचे ते ठरलेच नव्हते. म्हणाले, धनजला जाऊ, माझ्या माहेरी. त्या गावाला आजवर मी कायम एस.टी.नेच गेले आहे.

पाय ठेवला, नुसता ठेवला, दाबला नाही. समोर रस्ता मोकळा होता. डावीकडे एक वासरू उभे होते, ते मी पाहिले, आणि मोठ्याने सांगितलेही, “डावीकडं वासरू हाय.”

“हाय तं हाय. तू पाहून राह्यली ना?” म्हणाले.

तरी मी गाडी हलवली नाही. तशीच बसून राहिले. योगिनी खिडकीशी वाकून म्हणाली, “काय झालं काकू, सुरू होत नाही का?”

नानाजींना मात्र बरोबर कळले. त्यांनी उजवा हात उचलला आणि माझ्या खांद्यावर थाप दिली. एकदा. मग आणखी एकदा.

मी गाडी सोडली.